माडीची जमीन प्लायची करायची आहे: जाडी किती, आधार किती, सांधे कसे?

चरईकर · रविवार, सकाळी ९.१५

ठाण्यात चरईमध्ये आमचं जुनं दुमजली घर आहे. विटांच्या जाड भिंती आणि वर कडीपाटाची माडी, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या. माडीवरच्या खोलीत फळ्यांना वाळवी लागली म्हणून त्या सगळ्या काढून टाकल्या. आता उघड्या सागवानी कड्या दिसताहेत, ३ इंच रुंद, ६ इंच उंच, साधारण दीड-दीड फुटावर. साधारण म्हणतोय, कारण एके ठिकाणी अंतर १६ इंच भरतं आणि एके ठिकाणी २०. खोली १२ बाय १६ फूट, कड्या १२ फुटांच्या बाजूने टाकलेल्या.

दोन मिस्त्री बघून गेले. पहिला म्हणाला, २५ मिमीचा प्लाय टाका, शीटला शीट घट्ट भिडवा, वर व्हिनाइल, विषय संपला. दुसऱ्याच्या मते प्लाय दोन पावसाळ्यांत फुगणार, त्यापेक्षा पत्रा टाकून वर सिमेंटचा माल ओता आणि टाइल्स लावा. ही खोली वडिलांची. त्यांची पुस्तकांची दोन भरलेली कपाटं परत तिथेच जाणार आहेत, आणि त्यांना रात्री उठावं लागतं, त्यामुळे जमीन हललेली किंवा करकरलेली चालणार नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

खाडीपलीकडे · रविवार, सकाळी ११.०२

प्लाय किती जाडीचा हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि कड्यांची भिंतीत शिरलेली टोकं तपासा. लाकूड मधोमध क्वचितच सडतं. सडतं ते भिंतीच्या आत, जिथे ओल असते आणि वारा नसतो. पावसाचा मारा घेणारी नैर्ऋत्येकडची भिंत आधी बघा. टोकाशी पेचकस दाबून पाहा. खणखणीत सागवानात तो शिरत नाही, सडक्या भागात लोण्यात शिरावा तसा जातो. भिंतीत बसलेल्या भागाभोवतीचा चुना थोडा उकरून तिथेही दाबा.

दुसरं म्हणजे वजन. ४० मिमी माल आणि वर टाइल म्हणजे चौरस मीटरला सुमारे १०० किलो. तुमची खोली जवळपास १८ चौरस मीटरची, म्हणजे माणसं आणि कपाटं येण्याआधीच कड्यांवर पावणेदोन टनांचं कायमचं ओझं. १८ मिमी प्लायचं वजन चौरस मीटरला १२ किलोच्या आसपास, सगळ्या खोलीचं मिळून सव्वादोनशे किलोही भरत नाही. आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे घरातल्या खोलीसाठी वापराचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरतात, म्हणजे साधारण २०० किलो. टाइल्स लावल्या की त्याच्या निम्मा भार तुम्ही आधीच खर्च केलेला असतो. जुन्या कड्यांवर माल ओतू नका, एवढं मी ठामपणे सांगेन.

इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट तसंही करून घ्यायचंच असतं. कड्या उघड्या आहेत तोवरच इंजिनीयरला बोलवा. एकदा वर प्लाय बसला की त्याला काहीच दिसणार नाही.

रंधा · रविवार, रात्री १०.४०

मी सुतारकामातला माणूस. वर खाडीपलीकडे यांनी सांगितलंय ते आधी करा, मगच माझं पुढचं उपयोगाचं.

२५ मिमी सुचवणाऱ्याचा हिशेब अर्धाच आहे. जाडी वाढली की प्लायचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, हे बरोबर. १८ च्या जागी २५ घेतला तर ताठपणा सुमारे २.७ पट होतो. आता दुसरी बाजू बघा. जाडी तीच ठेवून दोन आधारांमधलं अंतर २ फुटांवरून १६ इंचांवर आणलं, तर टाचेसारख्या एका जागी पडणाऱ्या भाराखालचा बाक, म्हणजे शीटचं वाकणं, एक तृतीयांशाच्याही खाली येतो, आणि सगळीकडे पसरलेल्या भाराखालचा बाक पाचव्या हिश्शावर. मधे एक बॅटन, म्हणजे आधाराची लाकडी पट्टी, टाकायला जे लागतं ते जाड प्लायच्या मानाने किरकोळ आहे. लोक दुकानात जाऊन जाडी विकत घेतात, कारण ती डोळ्यांना दिसते. खालचा आधार दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी पैसे घालत नाही.

तुमच्याकडे अंतर १६ ते २० इंच आहे, त्यामुळे चांगला १८ मिमी पुरे. फक्त दोन कड्यांमधला २० इंचांचा जो गाळा आहे तिथे, आणि जिथे कपाटं उभी राहणार तिथे, मधे एक जादा कडी घाला.

आता शीट टाकायची दिशा. शीटची ८ फुटी बाजू कड्यांना काटकोनात आली पाहिजे. बहुतेक प्लायच्या वरच्या आणि खालच्या थराच्या रेषा ८ फुटांच्या दिशेने जातात, आणि शीट वाकताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या याच दोन थरांवर येतो. घेताना रेषा बघून घ्या, ४ फुटांच्या दिशेने रेषा असलेल्या शीटही बाजारात असतात. शिवाय एक शीट निदान तीन कड्यांवर टेकली पाहिजे. सगळीकडे पसरलेल्या भाराखाली दोनच कड्यांवर ठेवलेला तुकडा जेवढा वाकतो, त्याच्या निम्म्याहून कमी बाक तीन कड्यांवर अखंड गेलेल्या शीटला येतो. म्हणून कोपऱ्यात उरलेसुरले तुकडे वापरून शीट वाचवण्याच्या भानगडीत पडू नका.

४ फुटी सांधे एका ओळीत येऊ देऊ नका, विटांच्या थरांत जसे चुकवतात तसे चुकवा. पहिली ओळ पूर्ण शीटने सुरू केली तर दुसरी अर्ध्या शीटने. आणि प्रत्येक ४ फुटी सांधा कडीच्या बरोब्बर मध्यावर यायला हवा. तुमच्या कड्या ३ इंची आहेत हे भाग्य. दोन्ही शीटना दीड-दीड इंच टेकायला मिळतं. पण अंतरं असमान, त्यामुळे २४४० मिमीची शीट जशीच्या तशी बसणार नाही. कडीचा मध्य दोरी धरून वर आखून घ्या आणि शीट त्या मापाला कापा. कडी हलवायची नाही, शीट कापायची.

८ फुटी कडा दोन कड्यांच्या मधे अधांतरी राहतात. त्यांच्याखाली दर ४ फुटांच्या रेषेवर कडी ते कडी आडवे ठोकळे बसवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि मिस्त्री ते टाळतात. टाळलं की एका शीटवर पाय पडला की तीच खाली जाते, शेजारची जागेवर राहते, आणि वरच्या व्हिनाइलवर सरळ रेघ उमटते.

राहिली गोष्ट घट्ट भिडवण्याची. ते करूच नका. चारही बाजूंनी ३ मिमी फट ठेवा. ३ मिमी जाडीचा खिळा दोन शीटच्या मधे उभा धरला की माप आपोआप मिळतं. भिंतीशी १० ते १२ मिमी सोडा, ती जागा स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाच्या पट्टीखाली, झाकली जाते. पावसाळ्यात शीट थोडीच वाढते, पण ओळीत दोन-तीन शीट आणि दोन्हीकडे भिंत असली की ती वाढ कुठेतरी वर उचलली जाणारच. मग लोक म्हणतात प्लाय फुगला. प्लाय फुगलेला नसतो, त्याला जागा दिलेली नसते.

ऐरोलीची_मी · सोमवार, सकाळी ८.३०

वाचनखूण साठवली. एक विचारते. दुकानात एमआर, बीडब्ल्यूआर, बीडब्ल्यूपी असं काय काय सांगतात, आणि प्रत्येक जण आपलाच माल वॉटरप्रूफ म्हणतो. आमच्या रो-हाउसमध्ये वर छोटी अभ्यासाची खोली काढायची आहे. नेमकं काय मागायचं?

बर्फातला_ठाणेकर · सोमवार, दुपारी १२.१०

मी मूळचा कोपरीचा, आता ओंटारिओत घरांच्या लाकडी सांगाड्याचं काम करतो. इथे प्रत्येक घरात हेच असतं, त्यामुळे रोजची पद्धत सांगतो.

कड्या बहुतेक १६ इंचांवर. वर प्लाय किंवा ओएसबी, म्हणजे लाकडाचे लांबट कपटे गोंदाने दाबून केलेलं पॅनल. जमिनीसाठीच्या पॅनलच्या ८ फुटी कडेला एकीकडे खाच आणि दुसरीकडे जीभ असते. ती एकमेकांत बसली की कडा एकमेकींना धरतात, वेगळे ठोकळे लागत नाहीत. पॅनलवर शिक्का असतो आणि त्यावर कड्यांमधलं जास्तीत जास्त अंतर छापलेलं असतं. शिक्का नसलेलं पॅनल जमिनीला वापरत नाहीत.

कडीवर आधी गोंदाची साधारण ६ मिमी जाड वळी ओढायची, जिथे दोन पॅनलांचा सांधा आहे तिथे दोन वळ्या. एका वेळी एका पॅनलपुरताच गोंद लावायचा. वर साय धरली की तो चिकटत नाही. मग पॅनल टाकून खाच-जीभ बसवायची. बसवताना जिभेवर थेट हातोडा मारायचा नाही, मधे लाकडाचा तुकडा धरायचा. पॅनलच्या कडांना दर ६ इंचांवर खिळा, मधल्या कड्यांवर दर १२ इंचांवर. खिळे कडेपासून निदान १० मिमी आत, आणि गुळगुळीत नव्हे, अंगावर गोल खाचा असलेले किंवा स्क्रू.

आणि एक काम संध्याकाळी खालून करायचं. छताकडे बघत फिरायचं. कडी चुकवून खाली आलेले खिळे चमकताना दिसतात, ते सगळे काढून टाकायचे. कडीच्या कडेला घासून गेलेला खिळा पुढे दर पावलाला करकरतो. नव्या घरात करकरीची तक्रार आली की आम्ही आधी हेच शोधतो. दुसरं कारण म्हणजे शीट आणि कडी यांच्यात राहिलेली बारीक पोकळी. पाय पडला की शीट खिळ्यावरून वर-खाली सरकते.

ओएसबी मात्र ठाण्याच्या हवेत मी सुचवणार नाही. बांधकाम चालू असताना इथे पाऊस पडतोच, आणि ओएसबीच्या कडा पाणी पिऊन सुजतात. त्या घासून सपाट कराव्या लागतात, कारण वाळल्यावर त्या पूर्ण बसत नाहीत. कोकणातल्या पावसाळ्यात प्लायच बरा.

रंधा · सोमवार, रात्री ९.५५

बर्फातला_ठाणेकर, खालून चमकणारे खिळे शोधण्याची गोष्ट इथल्या प्रत्येक मिस्त्रीने पाठ करावी अशी आहे. आपल्याकडे खाच-जीभ केलेला प्लाय सहसा मिळत नाही, म्हणून ठोकळ्यांचा आग्रह धरला.

ऐरोलीची_मी, एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळतं पाणी काही काळ सोसणारा. हे दोन्ही आयएस ३०३ या मानकात येतात. बीडब्ल्यूपी म्हणजे आयएस ७१०, ज्याला दुकानात मरीन म्हणतात. त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थरांची पकड तपासतात. जमिनीसाठी मी आयएस ७१० घेईन. कपाटाची शीट खराब झाली तर बदलता येते, जमिनीची शीट काढायची म्हणजे खोली रिकामी करायची. बांधकामातल्या भाराच्या प्लायसाठी आयएस १०७०१ हे वेगळं मानक आहे, पण तो माल किरकोळ दुकानात सहज दिसत नाही.

नुसतं तोंडी मरीन ऐकून घेऊ नका. शीटवर आयएसआयचा शिक्का, त्यात मानकाचा क्रमांक आणि परवाना क्रमांक बघा. मग शीट उभी करून चारही कडा नजरेखालून घाला. मधल्या थरांत भोकं दिसली, थर एकमेकांवर चढलेले दिसले, की ती बाजूला. कपाटाच्या दाराला आतली पोकळी कदाचित चालून जाईल. जमिनीला नाही, कारण खुर्चीचा पाय नेमका तिथेच येतो. बोटाच्या पेराने शीटवर ठोकत जा, पोकळ जागी आवाज बदलतो. १८ मिमीची ८ बाय ४ शीट ३२ ते ३८ किलोंच्या दरम्यान भरते. त्याहून फार हलकी लागली तर आत काय भरलंय याची शंका घ्या.

रबाळे_गाळा · मंगळवार, दुपारी ३.२०

आमचा रबाळे एमआयडीसीत छोटा गाळा आहे. आत लोखंडी पोटमाळा करून घेतला. २ फुटांवर बॉक्स सेक्शन (चौकोनी पोकळ लोखंडी नळ्या), वर १८ मिमी प्लाय, काळ्या जिप्सम स्क्रूने मारलेला. वर पॅकिंगचा माल ठेवतो, हातगाडीही फिरते. आता शीट हलतात, स्क्रूंची डोकी तुटून हातात येतात. ठेकेदार म्हणतो जाड प्लाय टाकू. पोस्ट वाचून वाटतंय की प्रश्न वेगळाच आहे.

खाडीपलीकडे · मंगळवार, संध्याकाळी ७.४५

आधी भाराचं. साठवणुकीच्या जागेला घराचे २ किलोन्यूटन चालत नाहीत. आयएस ८७५ मध्ये गोदामासाठी मालाच्या उंचीच्या दर मीटरला २.४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरायला सांगितलंय, आणि कितीही कमी उंची असली तरी किमान ७.५. म्हणजे घराच्या जवळपास चौपट. तुमचा पोटमाळा कुठल्या भारासाठी काढला होता हे ठेकेदाराला लेखी विचारा. उत्तर नसेल तर वरचा माल आज खाली घ्या आणि बीम, खांब, वेल्डिंग, सगळं इंजिनीयरकडून तपासून घ्या. पोटमाळ्याला परवानगी लागते, तीही बघून घ्या. प्लायची चर्चा त्यानंतर.

रंधा · मंगळवार, रात्री १०.१५

जिप्समचे काळे स्क्रू जिप्सम बोर्डासाठी असतात. पोलाद कडक, पण ठिसूळ. जमीन दर पावलाला आडवा झटका देते आणि हे स्क्रू वाकण्याऐवजी मोडतात. जमिनीला ते कधीच वापरू नयेत, लोखंडावरही नाही आणि लाकडावरही नाही.

लोखंडासाठी पंखवाले सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू घ्या. टोकाजवळ दोन बारीक पंख असतात. ते प्लायमधलं भोक आट्यांपेक्षा थोडं मोठं करतात आणि लोखंडाला लागले की तुटून जातात. त्यामुळे आटे प्लायला वर उचलून धरत नाहीत, शीट खाली दाबून बसते. साधा स्क्रू मारला की तो आधी प्लायमध्ये आटे पाडतो, मग लोखंड कापताना शीट वर चढते, आणि मधे जी पोकळी राहते तिथूनच हलणं सुरू होतं.

सांगाडा नव्याने करायची वेळ आली तर वेल्डरला ४०० मिमीचं माप देऊ नका. शीट २४४० ची असते. त्यात ३ मिमी फट मिळवली की २४४३, त्याचे सहा भाग म्हणजे ४०७. सेक्शनच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४०७ ठेवलं तर प्रत्येक सांधा न कापता सेक्शनच्या मध्यावर येतो. ४०० ठेवलं तर प्रत्येक शीटची ४ सेंटीमीटर पट्टी कापून फेकावी लागते, आणि घाईत कुणी ती कापत नाही. मग सांधे आधार सोडून हवेत जातात. सेक्शनची रुंदी ५० मिमीच्या खाली नको.

पाणी सांडणारी जागा असेल तर लोक सिमेंटचा बोर्डही टाकतात, बाजारात त्याला बायसन म्हणतात. वाळवी लागत नाही, फारसा फुगतही नाही. पण तो प्लायच्या जवळपास दुप्पट जड, आणि कडेला ठिसूळ. त्याला आधार आणखी जवळ लागतात.

सानपाडा_लोकल · बुधवार, सकाळी ९.०५

गोंदाच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. परदेशात घर नवं असतं, खाली सगळं ठरवून टाकलेलं असतं. आपल्याकडे जुन्या माडीखालून वायर जातात, कधी पाण्याचा पाइप. गोंद लावून बसवलेली शीट उद्या काढायची वेळ आली तर प्लाय फाटतो आणि कडीचे कपटे निघतात. शंभर वर्षांच्या सागवानाला कायमचा गोंद फासणं मला पटत नाही. नुसते स्क्रू मारले तर शीट कधीही उघडता येते.

बर्फातला_ठाणेकर · बुधवार, रात्री ८.००

मुद्दा योग्य आहे. पण गोंदाचं काम फक्त चिकटवणं नाही. कडीचा वरचा भाग कधीच पूर्ण सपाट नसतो, गोंद ती बारीक पोकळी भरतो. शिवाय शीट आणि कडी एकजीव होऊन वाकतात, त्यामुळे कडीचा ताठपणाही थोडा वाढतो. करकर थांबवायला त्याच्यासारखा उपाय नाही.

रंधा · बुधवार, रात्री ११.२०

दोघांचं ऐकून मी चरईकरांना असं सुचवेन. ज्या दोन कड्यांमधून वायर जातात, त्यावरची शीट गोंदाविना, फक्त स्क्रूवर ठेवा आणि तिच्याखाली कडीवर रबराची पातळ पट्टी टाका. बाकी सगळीकडे पीयू (पॉलियुरेथेन) गोंद आणि स्क्रू दोन्ही. जुनं सागवान टणक असतं, त्यामुळे आधी बारीक भोक पाडूनच स्क्रू फिरवा, नाहीतर तो निम्म्यात अडकतो. १८ मिमी प्लायला ५० मिमीचा स्क्रू. कडीवर जुना चुना, धूळ, रंग असेल तर तो तासून काढा, त्यावर गोंद धरत नाही.

कड्या एका पातळीत नसतील तर पाचरी ठोकून शीट उचलू नका, पाचर पुढेमागे सैल होते. कडीच्या पूर्ण लांबीची पट्टी रंधून पॅकिंग द्या.

चरईकर · पुढच्या रविवारी, दुपारी १.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिनीयर येऊन गेले. नैर्ऋत्येकडच्या भिंतीतली दोन कड्यांची टोकं सडलेली निघाली, वीतभर आतपर्यंत पेचकस गेला. वरून काहीच दिसत नव्हतं. ती टोकं कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल बोल्टने जोडायचं ठरलंय, आणि भिंतीतल्या खोबणीत कडीभोवती थोडी हवा खेळती ठेवायची आहे. बाकी कड्या खणखणीत आहेत. वाळवीची फवारणी प्लायच्या आधी होईल. टाइल्सचा विचार सोडला.

२० इंचांच्या गाळ्यात आणि कपाटांच्या जागी जादा कड्या येणार आहेत. प्लाय १८ मिमी, आयएस ७१०. ठोकळ्यांसाठी मिस्त्री कुरकुरला, पण त्याचे पैसे वेगळे धरले तेव्हा तयार झाला.

शेवटचा प्रश्न. काम मेच्या अखेरीस होणार. शीट आणल्या आणल्या बसवल्या तर चालतील का? आणि ३ मिमीच्या फटी लांबीने (पुट्टीने) भरू का?

रंधा · रविवार, संध्याकाळी ६.१०

ठोकळ्यांचे पैसे वेगळे दिलेत हे फार चांगलं केलंत.

शीट आणल्यावर त्याच खोलीत आडव्या, मधे पट्ट्या टाकून, वारा लागेल अशा तीन-चार दिवस ठेवा. भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका, पोट येतं. मेमध्ये प्लाय कोरडा असतो, म्हणजे बसवल्यावर तो वाढणारच आहे, तेव्हा ३ मिमीत कंजूषी नको. हेच काम ऑगस्टमध्ये केलं असतं तर शीट आधीच ओल प्यायलेली असती आणि हिवाळ्यात फटी मोठ्या दिसल्या असत्या.

फटी लांबीने भरू नका. लांबी कडक होते आणि फट ठेवल्याचा उपयोग जातो. व्हिनाइलखाली रेघ उमटू नये असं वाटत असेल तर सगळ्या जमिनीवर ६ मिमीचा प्लाय वेगळा टाका. त्याचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका, आणि त्याचे स्क्रू फक्त खालच्या प्लायपर्यंत जातील एवढेच घ्या, कडीपर्यंत नकोत. वायरवरच्या उघडत्या शीटपुरता तो वेगळा कापा.

कापलेल्या प्रत्येक कडेला बसवण्याआधी प्रायमरचा हात मारा. कारखान्यातली कड बंद असली तरी तुमच्या करवतीने ती उघडी पडलेली असते. आणि व्हिनाइल चढण्याआधी एकदा खाली जाऊन टॉर्चने सगळ्या कड्या बघून घ्या. चमकणारा एकही स्क्रू राहू देऊ नका.